गिळलेलं नाम

(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



'मुरलेला पुढारी' हे दोन शब्द घ्या. उच्चारल्याबरोबर माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. चार निवडणुका लढलेला, दोन हरलेला, तीन पक्षांचं पाणी प्यालेला, चेहऱ्यावर काही न दाखवणारा. या दोन शब्दांत लोणचं कुठे आहे? कुठेच नाही. बरणी नाही, कैरी नाही, मोहरीची डाळ नाही, वर चार बोटं तेल नाही. आहे ते फक्त एक धातुसाधित, 'मुरलेला'. पण तेवढ्यावर सगळी बरणी आत येते. कैरीचा मूळचा करकरीतपणा गेला, मीठ-मसाला पार कोयीपर्यंत पोचला, आणि आता ही फोड सहजासहजी नासत नाही. हे तिन्ही गुण आपण त्या पुढाऱ्याला बहाल केले आणि लोणच्याचं नावही काढलं नाही.

आज मला बोलायचं आहे ते अशा रूपकांबद्दल. सभेच्या पत्रिकेवर 'गर्भित रूपक' असा भारदस्त शब्द छापला आहे. तो असू द्या. मी त्याला गिळलेलं नाम म्हणेन, आणि का म्हणतो तेही सांगेन.

शाळेत आपण रूपक शिकलो ते मुखचंद्राचं, नयनकमलांचं, संसारसागराचं. तिथे दोन्ही वस्तू शेजारी शेजारी उभ्या असतात आणि कवी त्या एकच आहेत असं सांगतो. याचा मराठीतला मोठा दाखला शके 1212 मधला आहे. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणपतीची मूर्ती उभी राहते ती सगळी वाङ्मयाची आहे. वेद हा तिचा देह, पुराणं हे तिचे अलंकार, सहा दर्शनं हे तिचे सहा हात. एकेका अवयवाला एकेक शास्त्र नेमून दिलं आहे आणि जोडी कुठेही झाकलेली नाही. श्रोत्याला शोधायला काही ठेवलेलं नाही, आणि तिथे ठेवायचंही नाही. ते रूपक दाखवण्यासाठी आहे.

आपलं रूपक मात्र दिसत नाही. त्याची खरी चिकित्सा अलंकारशास्त्राने हजार वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मटाने 'काव्यप्रकाश' लिहिला. त्यात लक्षणेचे, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा अर्थ घेण्याचे, प्रकार सांगताना त्याने एक जुनंच उदाहरण घेतलं. वाहीक देशातला, म्हणजे आजच्या पंजाबाकडचा, अमुक माणूस बैल आहे असं म्हटलं तर माणूस आणि बैल दोघेही वाक्यात हजर असतात. ही सारोपा लक्षणा. त्याच माणसाकडे बोट दाखवून नुसतं 'हा बैल' म्हटलं की माणूस बैलाच्या पोटात गेला. ही साध्यवसाना. (शास्त्रातल्या उदाहरणातही दुसऱ्या प्रांताची टवाळी आहे, हे जाता जाता बघून ठेवा. आपण आपसांत एकमेकांच्या जिल्ह्यांबद्दल काय बोलतो ते मी या व्यासपीठावरून सांगत नाही.) उपमानाने (इथे बैलाने) उपमेय (इथे माणूस) पोटात घालावं, याला शास्त्रात शब्दच 'निगरण' असा आहे. निगरण म्हणजे गिळणं. शास्त्रकार रूपकाची व्याख्या करायला बसले आणि त्यांनाही एक रूपकच हाताशी घ्यावं लागलं. शाळेच्या व्याकरणात अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं, एवढंच उरलं. मम्मटाच्या अतिशयोक्तीचा पहिला प्रकार मात्र याच गिळण्याचा आहे.

पण 'मुरलेला पुढारी' यात हे उलटं झालं आहे. इथे उपमेय, म्हणजे पुढारी, ठणठणीत वाक्यात उभा आहे. गिळलं गेलं ते लोणचं, म्हणजे उपमान. याच्या सर्वांत जवळ जाणारा अलंकार समासोक्ती. त्याचं वर्णन करताना शास्त्रकारांनी फार नेमका शब्द वापरला. समोरच्या वस्तूवर दुसऱ्या, नाव न घेतलेल्या वस्तूच्या 'व्यवहाराचा' आरोप होतो, असं ते म्हणतात. व्यवहार म्हणजे वागणं, करणं, होणं. भाषेत वागण्या-करण्या-होण्याचं खातं क्रियापदाकडे असतं. म्हणून लपलेलं रूपक पकडायचं तर नामं सोडा, क्रियापदाची मान धरा आणि विचारा, बाबा रे, तू मूळचा कुणाचा? मुरतं काय? लोणचं, किंवा जमिनीत पाणी. चिघळतं काय? जखम. फोफावतं काय? तण. मग वर्तमानपत्रात 'प्रश्न चिघळला' असं आलं की जखम दिसायला हवी, आणि 'भ्रष्टाचार फोफावला' असं आलं की तण.

एकदा ही सवय लागली की नेहमीच्या शब्दांकडे नुसतं बघणं कठीण होतं. राग घ्या. राग धुमसतो, भडकतो, पेटतो. इथे तो आग आहे. राग गिळतात आणि राग ओकतात. इथे तो पोटातला जिन्नस आहे. पण राग निवळतोही, आणि मला यातलं सगळ्यांत सुंदर हेच वाटतं. पावसाळ्यात गढूळ पाणी भरून आणलं की घागरीला आतून निवळीची बी उगाळून लावायची रीत होती. मग घागर हलवायची नाही. गाळ हळूहळू तळाशी बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. राग निवळला म्हणणारा माणूस दोन गोष्टी सांगून जातो. राग मुळात पाण्यातला गाळ होता, पाणी नव्हे. आणि तो नाहीसा झालेला नाही, खाली बसला आहे. घागर हलवली तर पुन्हा वर येईल. विझलेला राग आणि निवळलेला राग एक नव्हेत, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना पक्कं ठाऊक असतं.

कापडाचं तसंच. नातं हे कापड आहे असं मराठी माणूस कधी म्हणत नाही, पण बोलतो ते सगळं कापडाचं. 'त्यांचं आणि आमचं फाटलं.' 'नातं उसवत गेलं.' 'मैत्री विरली.' शिंप्याकडे ही तीन कापडं घेऊन जा. उसवलं असेल तर तो दोन टाके घालून परत देईल, कारण कापड धड आहे, फक्त शिवण गेली आहे. फाटलं असेल तर ठिगळ लावेल किंवा रफू करेल, पण खूण राहील. आणि विरलेलं कापड बोटांत धरून तो मान हलवेल. त्यात सुई धरतच नाही, टाका घालावा तर शेजारी नवीन भोक पडतं. भांडणाने तुटलेल्या नात्याला आपण विरलं म्हणत नाही. वापरून वापरून, किंवा पेटीत तसंच पडून जे संपलं ते विरलं. एवढं निदान तीन क्रियापदांत होतं.

आता जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांचं नाव घेतलं नाही तर सभेतले भाषाशास्त्राचे प्राध्यापक नाराज होतील. 1980 मध्ये या दोघांनी एक पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं की रूपक हा कवितेचा दागिना नसून आपण विचारच रूपकांतून करतो. वाद म्हणजे युद्ध, वेळ म्हणजे पैसा, ही त्यांची गाजलेली उदाहरणं. पुस्तक मोलाचं आहे. पण आपल्याकडे अनेक निबंधांत त्यांची इंग्रजी यादी जशीच्या तशी मराठीत ओतलेली सापडते, आणि तिथे घोटाळा होतो. मराठीत वाद घालतात, उकरतात, पेटवतात, मिटवतात. तो चिघळतो. आग, माती आणि जखम यांचं प्रमाण तलवारीपेक्षा जास्त भरेल. आणि वेळ आपण खर्च करतो हे खरं, पण 'दिवस ढकलतोय' असं म्हणणारा माणूस पैसे मोजत नाही, तो चढावर गाड्याला खांदा लावून उभा आहे. आपल्या भाषेची यादी आपल्याला आपणच करावी लागेल.

आता मी मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो.

'उत्साहावर विरजण पडलं' असं आपण म्हणतो. विचार करा, विरजण ही वाईट गोष्ट आहे का? घरोघरी रात्री कोमट दुधाला आपण आपल्या हाताने विरजण लावतो आणि सकाळी घट्ट दही लागलं की खूश होतो. मग उत्साहाच्या बाबतीतच विरजण अशुभ का? फरक क्रियापदात आहे. लावलेलं विरजण आपलं असतं. पडलेलं विरजण कुणाचंच नसतं. दूध खिरीसाठी ठेवलं होतं आणि त्यात काहीतरी पडलं. कुणाच्या हातून पडलं, हे वाक्य सांगत नाही, आणि 'पडलं' म्हटल्यावर कुणी विचारतही नाही.

मराठीत अशा जोड्या किती आहेत बघा. पडणं आणि पाडणं. फुटणं आणि फोडणं. तुटणं आणि तोडणं. गळणं आणि गाळणं. पहिल्यात गोष्ट आपोआप होते, दुसऱ्यात कुणीतरी करतं. आमदार फुटले आणि आमदार फोडले, पेपर फुटला आणि पेपर फोडला. घटना एकच, साक्षी दोन. फुटणारं मडकं असतं, गळू असतं, धरण असतं, आणि त्याला फुटायला काहीही कारण पुरतं. फोडणारा हात मात्र कुणाचा तरी असतो. परीक्षेचा पेपर फुटल्याची बातमी पहिल्या दिवशी 'फुटला' अशी येते. कुणाला अटक झाली की ती 'फोडला' होते. पोलिसांच्या आधी व्याकरणाने आरोपीला काही दिवस जामीन दिलेला असतो.

बाजाराच्या पानावर तर हे रोज चालतं. भाव चढतात, उतरतात, घसरतात, गडगडतात, कोसळतात. चढणं-उतरणं हे घाटरस्त्याचं. घसरणं निसरड्या वाटेचं. गडगडतात ते डोंगरावरून सुटलेले दगड. कोसळते ती दरड किंवा जुनी भिंत. प्रत्येक क्रियापदामागे सह्याद्रीतला पावसाळा आहे, आणि पावसाळ्यावर कुणाचा इलाज? आता एक साधी हकिगत सांगतो. 19 ऑगस्ट 2023 ला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातच बंद केली. ही बंदी 4 मे 2024 ला उठली. ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून बंदी घातली, असं सरकारचं म्हणणं होतं, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. आज मी त्या वादात शिरत नाही. पण निर्णय झाला होता, तारीख होती, आदेश होता. तरी मथळा काय? 'कांद्याचे भाव कोसळले.' दरड आली आणि कांदा खाली गेला.

त्याच काळात लासलगाव-पिंपळगावकडच्या शेतकऱ्याशी बोलला असतात तर त्याच्या तोंडून दुसरं क्रियापद ऐकलं असतं. तो म्हणतो, 'भाव पाडले.' एका कान्याचा फरक. त्या एका बदलाने वाक्यात कर्ता येतो आणि पुढचा प्रश्न विचारता येतो, कुणी पाडले? उत्तर सरकार असेल, व्यापारी असेल, कधी जास्त झालेली लागवडही असेल. शेतकरी दर वेळी बरोबरच असतो असं मी म्हणत नाही. त्याचं वाक्य प्रश्नाला जागा ठेवतं, मथळ्याचं वाक्य ती जागा लिंपून टाकतं, एवढंच मला दाखवायचं आहे.

'कांद्याने रडवलं' ही तर आणखी वरची कडी. इथे कर्ता आहे, पण चुकीचा आहे. चिरताना कांदा खरोखरच रडवतो, म्हणून क्रियापद इतकं चपखल बसतं की वाचक हसतो आणि पुढे जातो. भाव वाढले की ग्राहकाला कांद्याने रडवलं, पडले की शेतकऱ्याला कांद्याने रडवलं. बिचारा कांदा दोन्हीकडे आरोपी.

असंच एक वाक्य मृत्यूच्या बातम्यांत ठरलेलं आहे. दीर्घ आजारानंतर कुणी गेलं की छापून येतं, 'त्यांची मृत्यूशी झुंज अपयशी ठरली.' लिहिणाऱ्याला गौरव करायचा असतो. पण आजाराला आखाडा केला की हरणारा कुणीतरी ठरतोच, आणि इथे हरलेला म्हणून रुग्णाचं नाव लागतं. औषध लागू पडलं नाही, निदानाला उशीर झाला, जवळ इस्पितळ नव्हतं, हे सगळं बाहेर राहून अपयश त्याच्या पदरी येतं. स्वतः कर्करोगातून गेलेल्या सूसन सॉन्टॅग यांनी 1978 मध्ये आजारावरच्या रूपकांबद्दल एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यांचा राग याच गोष्टीवर होता. साधं 'निधन झालं' पुरे आहे. मराठीत त्या शब्दाला पुरेशी अदब आहे.

आता कोणी म्हणेल, मग लपलेली रूपकं वाईटच का? अजिबात नाही. वर्तमानपत्रात जे झाकणं आहे तेच कवितेत मोकळं सोडणं होतं. बालकवींची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. म्हणून मी ती म्हणत नाही, नुसती आठवण करून देतो. पैल टेकडीकडे गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे, काळसर पाण्याचा डोह आहे, आणि शेवटी झाड येतं ते उभं नाही, बसलेलं आहे, आणि त्याचे पाय पाण्यात आहेत. झाडं उभी असतात. बसतो तो माणूस. पण कोणता माणूस? कवीने नाव गिळलं. तो संन्यासी आहे, की दिवसभर राबून काठावर टेकलेला शेतकरी, की संसारातून उठलेला दुःखी जीव, की नुसतं एक खोडकर पोर? बालकवी 1918 मध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेले आणि मराठी समीक्षक तेव्हापासून या एका बसण्याचा अर्थ लावत आहेत. 'योग्यासारखा' असा एक शब्द कवीने घातला असता तर वाद एका मिनिटात संपला असता, आणि माझ्या मते कविताही.

मर्ढेकरांनी दुसऱ्या बाजूने गिळलं. 'काही कविता' या 1947 च्या संग्रहातली पिंपातल्या मेलेल्या उंदरांची कविता घ्या. तिथे उंदीर आहेत, पिंप आहे, पाणी आहे. माणूस शोधून सापडत नाही. मम्मटाच्या भाषेत बोलायचं तर उपमेयाचं पूर्ण निगरण. आपण शाळेत जिला अन्योक्ती म्हणत होतो तिच्याच घराण्यातली ही कविता, पण अन्योक्तीत शेवटी बोध हाती लागतो, इथे तोही लागत नाही. वाचक चिडले, कवितेला दुर्बोध म्हणाले. त्यांना पाहिजे होतं ते नाम, आणि ते कवीने दिलं नाही. मला मात्र तिच्यातला एक बारकावा आजच्या विषयासाठी महत्त्वाचा वाटतो. त्या उंदरांच्या माना कुणी पिरगाळलेल्या नाहीत, त्या नुसत्या पडल्या आहेत, असं कवी स्वतःहून सांगतो. म्हणजे पडणं आणि पाडणं यांतला फरक मर्ढेकर जाणून होते आणि त्यांनी त्यावर बोट ठेवलं. कर्ता नसलेलं क्रियापद आपण बेसावधपणे वापरतो. त्यांनी ते वापरताना कर्ता का नाही, ही टोचणी वाचकाच्या अंगात ठेवून दिली.

तिसरं उदाहरण गद्यातलं. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 चा. शीर्षकातलं क्रियापद बघा. मराठीत चोरणं हे दुसऱ्याचं पळवणंच असतं असं नाही. गाय पान्हा चोरते, गर्दीत बसताना माणूस अंग चोरतो. इथे चोरणं म्हणजे आपलंच आपण आखडून ठेवणं. रेल्वेच्या नोकरीवर रुजू झालेला कथेतला तरुण तेवढंच करतो, जात सांगत नाही. पण शब्द चोरीचा असल्याने दुसरं चित्रही आपोआप वर येतं. चोरी म्हटली की मालक आला, पकडणं आलं, मार आला, आणि कथेत तो मार त्याला खावाही लागतो. त्याची जात ही जणू भोवतालच्या लोकांची मालमत्ता होती, जी त्याने उघड करून दाखवायलाच हवी होती. निवेदक स्वतःला चोर म्हणतो तेव्हा तो कबुली देत नाही, फिर्यादीची भाषा त्याच्याच तोंडावर फेकतो. जातिव्यवस्थेवरचा एवढा जळजळीत अभिप्राय एका क्रियापदात मावल्याचं दुसरं उदाहरण मला मराठीत पटकन आठवत नाही.

सभागृहात शिक्षक बरेच दिसतात, म्हणून शेवटची विनंती त्यांना. 'पुढील ओळींतील अलंकार ओळखा' हा प्रश्न परीक्षेत राहू द्या, मुलांना त्याचे गुण मिळतात. पण वर्षातून एक तास असा ठेवा की मुलांनी घरून त्या दिवसाचं वर्तमानपत्र आणायचं, बाजारभावाचं आणि राजकारणाचं पान उघडायचं, फक्त क्रियापदांखाली रेघ मारायची आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहायच्या. हे क्रियापद मूळचं कशाचं, आणि इथे कर्ता कोण. दुसरा रकाना बराचसा रिकामा राहील. तो तसाच रिकामा ठेवून मुलांना घरी जाऊ द्या, आईवडिलांना विचारू द्या. आणि पत्रकार मित्र कोणी आले असतील तर त्यांना एवढंच सांगतो, 'भाव कोसळले' हा मथळा खुशाल द्या, पण बातमीचं पहिलं वाक्य कुणी, कोणत्या तारखेला, काय केलं याचं लिहा.